चंदनाचा गणपती

श्रावण लागण्याच्या कितीतरी आधीपासून पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी गणपती रांगेने उभे असतात. कोणाच्या सोंडेला अजून रंग लागलेला नसतो, कोणाच्या डोळ्यांची आखणी व्हायची असते. कारागीर त्यांच्यामधून वाट काढत वावरतात, जेवणाचा डबा रिकाम्या पाटावर टेकवतात, मुले मूर्तींच्या आडून लपंडाव खेळतात आणि यात कोणाला काही वावगे वाटत नाही. कारण अजून ती केवळ माती आहे. पुढे भाद्रपद शुद्ध चतुर्थीला कोणा एका घरी भटजी मूर्तीच्या हृदयाला हात लावून प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतात आणि त्या क्षणापासून तीच माती देव होते. दीड दिवसाने, पाच दिवसांनी किंवा अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते आणि देव पुन्हा माती होऊन पाण्यात जातो. सामर्थ्याला बोलावता येते आणि परत पाठवताही येते, ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटेनासे झाले आहे.

याच पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या लहानशा खेड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभुराव भावे यांच्या घरी गणपती बसत असे. ही मूर्ती मातीची नसे. सहाणेवर चंदन उगाळण्याचे काम घरातल्या मुलांकडे असे आणि उगाळून साठवलेल्या त्या गंधाची मूर्ती आजोबा स्वतःच्या हाताने घडवीत. मनगटे दुखेपर्यंत उगाळलेले चंदन, त्यातून साकारलेला देव, त्याची मनोभावे पूजा आणि शेवटी त्याचे विसर्जन. एका नातवाला त्या विसर्जनाचे फार वाईट वाटे. इतक्या कष्टाने आणि प्रेमाने घडवलेले आपल्याच हाताने बुडवायचे, हे त्या बालमनाला उमगत नसे. पुढे उमगले, आणि असे उमगले की साऱ्या आयुष्याला त्याचेच वळण लागले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्याला जन्मलेला हा नातू म्हणजे विनायक नरहर भावे. जग त्यांना आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखते.

विनोबांविषयी विचार करताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. या माणसाच्या सामर्थ्याचा उगम कोठे होता? त्यांच्याकडे पद नव्हते, पक्ष नव्हता, पैसा नव्हता. शरीरही धड नव्हते. तरीही त्यांच्या एका शब्दावर लोकांनी लाखो एकर जमीन लिहून दिली आणि चंबळच्या दरोडेखोरांनी त्यांच्या पायांशी बंदुका ठेवल्या. आजकालची मुले कल्पित जगातील भूमिका वठवण्याचे जे खेळ खेळतात, त्यांत जादूगाराचे सामर्थ्य कोठून येते हे खेळाच्या नियमांतच सांगावे लागते. कोणाला ते देवाकडून मिळते, कोणाला ग्रंथातून, कोणाला रक्तातून, आणि वापरले की ते आटते. आपल्या पुराणांनी हा हिशेब फार पूर्वीच मांडून ठेवला आहे. तेथे सामर्थ्याचा झरा म्हणजे तप. ऋषी तप साठवतो आणि एका शापात ते खर्चून बसतो. विश्वामित्राची सारी कथा अशा साठवणुकीची आणि उधळपट्टीची आहे. पतंजलींनी तर योगाने प्राप्त होणाऱ्या सिद्धींचे सविस्तर वर्णन करून, त्या समाधीच्या मार्गातील विघ्ने आहेत, असेही बजावून ठेवले. ज्ञानदेवांनी भिंत चालवली आणि रेड्यामुखी वेद वदवले, या कथा महाराष्ट्र सातशे वर्षे आवडीने ऐकत आला आहे. त्याच महाराष्ट्रात विसाव्या शतकात एका कृश, दाढीधारी माणसाभोवती चमत्काराचे वलय उभे राहिले, हे त्या दृष्टीने स्वाभाविकच म्हणावे लागेल.

गागोद्याच्या घरातील वातावरण व्रतस्थ होते. आजोबा चांद्रायण व्रत करीत. चंद्रोदयाला पूजा आणि मग भोजन, त्यामुळे कधी कधी मध्यरात्र उलटून जाई. झोपलेल्या नातवाला ते हलवून उठवीत आणि अर्धवट झोपेतच त्याच्या हातावर प्रसाद ठेवीत. एकदा पूजा चालू असताना देव्हाऱ्यातील मूर्तीवर विंचू चढला. घरात एकच गडबड उडाली, विंचवाला मारायला काहीतरी आणण्यासाठी धावाधाव झाली. शंभुरावांनी सर्वांना थांबवले. जो देवाच्या आश्रयाला आला त्याला मारता येत नाही, असे सांगून त्यांनी शांतपणे उरलेली पूजा आटोपली. विंचूही आपल्या वाटेने निघून गेला. शरण आलेल्याला अभय, हे नातवाने ग्रंथात वाचण्यापूर्वी देव्हाऱ्यात पाहिले.

आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. गळा गोड होता, ओठांवर संतांची भजने असत. लहानग्या विन्याला भुताची भीती वाटे. देवाच्या भक्ताला भूत त्रास देत नाही आणि तरीही भीती वाटली तर कंदील घेऊन जा, अशी आईची व्यवहारी शिकवण होती. एकदा भिंतीवर पडलेली स्वतःची प्रचंड सावली पाहून मुलगा घाबरून आईकडे पळत आला. तिने त्याला समजावले की तो तर तुझा गुलाम आहे. तू बसलास की बसेल, उठलास की उठेल. हुकूम करून पाहा. मुलाने हुकूम करून पाहिला आणि भिंतीवरचा राक्षस निमूटपणे खाली बसला. घरच्या अंगणातील फणस पिकला की पहिला वाटा शेजाऱ्यांचा असे, आणि तो पोहोचवण्याचे काम विन्याचे. देतो तो देव आणि राखून ठेवतो तो राक्षस, ही आईने सांगितलेली व्याख्या पुढे अर्ध्या शतकाने हिंदुस्थानच्या खेड्याखेड्यांत जमीनदारांना ऐकावी लागणार होती.

रुक्मिणीबाईंची आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. त्यांनी देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता आणि रोज त्या एकेक दाणा मोजत बसत. नरहरपंत आधुनिक विचारांचे, रसायनशास्त्र आणि रंगकामात गती असलेले गृहस्थ. एक तोळा तांदळात किती दाणे भरतात ते मोजावे आणि हिशेबाने लाखाचे वजन काढावे, हवे तर वर मूठभर अधिक घालावे, अशी सोपी युक्ती त्यांनी सुचवली. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने मुलाला विचारले. गणित हा मुलाचा अत्यंत आवडता विषय. परंतु त्याने निर्वाळा आईच्या बाजूने दिला. हे तांदूळ मोजणे म्हणजे गणित नव्हे, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, म्हणून मोजणे हीच पूजा, असे त्याने सांगितले. वडिलांचा हिशेब तांदळाचा होता आणि आईचा तपाचा. विनोबांनी जन्मभर हे दोन्ही हिशेब सांभाळण्याचा प्रयत्न केला. ईश्वर आणि गणित या दोहोंवर आपली श्रद्धा आहे, असे ते पुढे सांगत. आणि त्यांच्या यशाचे व अपयशाचेही मर्म बहुधा याच जोडीत असावे.

वडील बडोद्याला नोकरीत होते, त्यामुळे गागोदे लवकरच सुटले. बडोद्यात शाळा झाली, महाविद्यालय झाले. पण मन दोन दिशांना ओढ घेत होते. एक वाट हिमालयाकडे, ब्रह्मजिज्ञासेची. दुसरी बंगालकडे, क्रांतिकारकांची. परीक्षेची प्रमाणपत्रे त्यांनी चुलीपाशी बसून आईच्या देखत जाळली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसलेला हा विद्यार्थी सुरतेला उतरला आणि काशीला गेला. काशीत त्यावेळी एका भाषणाची चर्चा सुरू होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी दागिन्यांनी मढलेल्या राजेरजवाड्यांना चार खडे बोल सुनावले होते. विनोबांनी गांधीजींना पत्र लिहून शंका विचारल्या, उत्तर आले, पुन्हा शंका विचारल्या. अखेर पत्राने हे प्रश्न सुटणार नाहीत, येऊन भेटावे, असे निमंत्रण मिळाले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. हिमालयातील शांती आणि बंगालमधील क्रांती ही दोन्ही आपल्याला एकाच माणसात सापडली, असे विनोबांनी पुढे नोंदवले आहे.

आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला गेले. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी शांकरभाष्य अभ्यासले, प्रकृती सुधारली, पायी भटकंती केली, गीतेवर प्रवचने दिली, आणि ठरलेल्या दिवशी परत आश्रमात हजर झाले. १९१८ च्या साथीत आई गेली. अंत्यसंस्कार पुरोहिताने करावेत की मुलाने, यावर घरात मतभेद झाला. पुरोहिताकरवी होणाऱ्या क्रियेत भाग घेण्यास विनोबांनी नकार दिला आणि त्या वेळी ते घरीच वाचन-चिंतनात बसून राहिले. हा करारीपणा त्यांच्या स्वभावात अखेरपर्यंत होता आणि तो नेहमीच सुखावह होता असे नाही.

१९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी देऊन पाठवले. येथून पुढची तीस वर्षे म्हणजे तपाची साठवण. मात्र हे तप पुराणातल्यासारखे पंचाग्नीचे नव्हते. आठ-आठ तास सूत कातायचे, त्या मजुरीत जगता येते का ते पाहायचे; दळायचे, विणायचे, शिकवायचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि सहकैदी साने गुरुजींनी ती टिपून घेतली. 'गीता-प्रवचने' हे पुस्तक अशा रीतीने तुरुंगात जन्माला आले. त्याआधी १९३०-३१ मध्ये 'गीताई' लिहून झाली होती. संस्कृत समजत नाही म्हणून आईने मराठी गीता मागितली होती. बाजारात मिळालेल्या पद्य अनुवादाने तिचे समाधान झाले नव्हते आणि तूच का करीत नाहीस, असे तिने मुलाला विचारले होते. गीताई छापून आली तेव्हा ती माउली जाऊन बारा-तेरा वर्षे झाली होती.

१९३८ मध्ये प्रकृती अगदीच ढासळली, तेव्हा विनोबा वर्ध्याजवळच्या पवनारला धाम नदीकाठी राहायला गेले. तेथे खणताना भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प हाती लागले आणि त्याचीच आश्रमात स्थापना झाली. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली, तोपर्यंत बाहेरच्या जगाला हे नाव जवळजवळ अपरिचितच होते. त्यांच्या त्या काळातील सर्वात मोठ्या साधनेकडे मात्र चरित्रकारांचे थोडे दुर्लक्षच होते. पवनारशेजारच्या सुरगाव या खेड्यात ते रोज सकाळी फावडे खांद्यावर टाकून जात आणि गावाची घाण उचलीत. पाऊस असो वा थंडी, सूर्य जसा नियमाने उगवतो तसे हे काम महिनोन्महिने चालले. गाव आपणहून स्वच्छ राहू लागेल, ही अपेक्षा फारशी सफल झाली नाही. तरीही खांद्यावरचे फावडे खाली आले नाही.

स्वातंत्र्य आले, गांधीजी गेले. १९५० मध्ये विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाला आश्रमाच्या व्यवहारातून हद्दपार करायचे, बैलांशिवाय माणसांच्या हातांनी शेती करायची, विहिरीचे पाणी स्वतः रहाट फिरवून काढायचे. जग ज्याला सामर्थ्याचा मूळ स्रोत मानते तो पैसाच वगळून काय उरते, हे त्यांना पाहायचे होते. हा प्रयोग चालू असतानाच सर्वोदय संमेलनासाठी ते पवनारहून सुमारे तीनशे मैल चालत हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला गेले.

तेलंगण तेव्हा पेटलेले होते. १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र लढा चालू होता. रात्री जमीनदार मारले जात, दिवसा पोलीस आणि लष्कर गावे उलथीपालथी करीत. विनोबांनी तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली आणि मग त्या प्रदेशातून पायी निघाले. १८ एप्रिल १९५१ रोजी ते नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्लीत पोहोचले. गावातील चाळीस हरिजन कुटुंबांनी पोट भरण्यासाठी ऐंशी एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज पाठवू, असे प्रथम विनोबांच्याही मनात आले. मग त्यांनी समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच विचारले की सरकारची वाट न पाहता कोणी काही देऊ शकेल काय? रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केले.

त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. हे काय घडले, याचा ते विचार करीत राहिले. मागितली आणि मिळाली. मग साऱ्या देशाची भूक भागेल इतकी का मिळू नये? गणिती मनाने लगेच हिशेब मांडला. देशातील सुमारे तीस कोटी एकर लागवडीखालील जमिनीचा सहावा हिस्सा, म्हणजे पाच कोटी एकर. एवढी जमीन मागत फिरणे म्हणजे वेडेपणा, हेही कळत होते. पण न मागितले तर अहिंसेवरील विश्वास सोडावा लागेल, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागायला सुरुवात केली. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, एवढेच त्यांचे म्हणणे असे. तेलंगणच्या त्या पहिल्या फेरीतच सुमारे बारा हजार एकर जमीन मिळाली. शंभुरावांच्या घरी फणसाचा पहिला वाटा शेजारी पोहोचवणारा मुलगा आता पंचावन्न वर्षांचा होऊन दारोदार तोच वाटा मागत होता.

सप्टेंबर १९५१ मध्ये नियोजन मंडळाशी चर्चा करण्याचे पंतप्रधान नेहरूंचे निमंत्रण आले, तेव्हा विनोबा दिल्लीला पायी निघाले. इतिहासाने येथे एक गमतीदार योग जुळवून आणला. त्या वेळच्या नियोजन मंडळाचे एक सदस्य आणि देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले आणि रोह्याच्या घरात वाढलेले देशमुख विनोबांपेक्षा अवघ्या चार महिन्यांनी लहान. एकाच कुलाबा जिल्ह्यात, शेजारच्या तालुक्यांत ही दोन मुले लहानाची मोठी झाली. एकाच्या हाती रिझर्व्ह बँकेची आणि नंतर खजिन्याची किल्ली आली, दुसऱ्याने पैशालाच रजा दिली. एक पंचवार्षिक योजनेचे आकडे मांडीत होता, दुसरा राजघाटावर मुक्काम ठोकून जमिनीच्या दानाचे. याच रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले आणि त्यांनीही गीतेच्याच आधारावर, भक्तीच्या बळावर हजारो माणसे कामाला लावली. १९५८ मध्ये विनोबांना, १९५९ मध्ये देशमुखांना आणि १९९६ मध्ये शास्त्रीजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पेण आणि रोहा या दोन छोट्या तालुक्यांशी नाते असलेली ही तीन नावे एका आंतरराष्ट्रीय यादीत बसावीत, हे स्थानिकांनी अधिक अभिमानाने सांगायला हरकत नाही.

मार्च १९५३ मध्ये बिहारमधील चांडील येथे विनोबांनी आपल्या सामर्थ्याची मीमांसा प्रथमच व्यवस्थित मांडली. त्याच्या आधी काही महिने तेथेच ते मलेरियाने मरणाच्या दारात पोहोचले होते आणि औषध घेण्यास नकार देत होते; खूप विनवण्यांनंतर त्यांनी ते घेतले. चांडीलच्या भाषणात त्यांनी तिसऱ्या शक्तीची कल्पना सांगितली. एक हिंसाशक्ती, दुसरी राज्याची दंडशक्ती आणि तिसरी लोकशक्ती; ती हिंसेच्या विरोधी आणि दंडशक्तीहून वेगळी. कायदा हा लोकशक्तीच्या मागून यावा, पुढून नव्हे. म्हणजे आपल्या हाती जे काही घडते आहे त्याचे श्रेय त्यांनी स्वतःच्या तपाला दिले नाही. झरा लोकांच्या अंतःकरणात आहे, आपण केवळ तेथपर्यंत चालत जातो, अशी त्यांची धारणा होती. लोकांना मात्र ते पटत नसे. पदयात्रा गावात शिरली की पायाखालची धूळ कपाळाला लावणारे, आजारी मुले समोर धरणारे, पाऊस पडला तर बाबांनी आणला म्हणणारे असतच. ज्या शक्तीला विनोबा लोकशक्ती म्हणत होते, तिची लोकांनी त्यांच्याच मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करून टाकली होती.

सर्वांनाच ही मूर्ती पूज्य वाटत होती असेही नाही. सप्टेंबर १९५३ मध्ये देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह दर्शनाला गेले असताना पंड्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. कानाला मार बसला आणि त्या कानाची श्रवणशक्ती कायमची उणावली. हल्लेखोरांना शिक्षा होऊ नये, असे त्यांनी सुचवले. पाच वर्षांनी पंढरपुरात चित्र निराळे होते. निरनिराळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांसह त्यांना विठ्ठलाच्या मंदिरात सन्मानाने प्रवेश मिळाला आणि गाभाऱ्यासमोर त्यांच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोर त्यांच्यापुढे शरण आले. मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग याने फाशीच्या छायेत तुरुंगातून पत्र लिहून त्यांना तेथे येण्याची विनंती केली होती. पोलिसांना ही शरणागती आवडली नाही. कायद्याचा धाक कमी होतो, अशी टीका झाली. ज्यांच्या घरातली माणसे त्या टोळ्यांनी मारली होती, त्यांच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्नही रास्तच होता. पण आजोबांच्या देव्हाऱ्यातील विंचू पाहिलेल्या माणसाला शरण आलेल्याकडे पाठ फिरवता येणे शक्य नव्हते.

एवढे सामर्थ्य एकवटल्यावर कोणत्याही नेत्याने संघटना बळकट केली असती. विनोबांनी उलट केले. १९५६ च्या अखेरीस तमिळनाडूतील पळणी येथे त्यांनी भूदानाच्या जिल्हा समित्या विसर्जित करायला लावल्या आणि गांधी स्मारक निधीकडून मिळणारे साहाय्यही बंद केले. तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती असे त्याला नाव दिले. कार्यकर्ते गोंधळले. जमीन मिळवणे हे मागणाऱ्याच्या वाणीचे काम होते. परंतु ती मोजणे, तिचे कागद करणे, ती भूमिहीनाच्या नावावर चढवणे आणि त्याला नांगर-बैल मिळवून देणे हे तलाठ्याच्या आणि समितीच्या चिकाटीचे काम होते. ते करायला माणसे आधीच कमी होती, आता चौकटही उरली नाही. चंदनाचा गणपती बुडवणे ठीक. येथे मूर्ती पुरती घडलीही नव्हती.

पाच कोटी एकरांचे उद्दिष्ट १९५७ पर्यंत पुरे व्हायचे होते. प्रत्यक्षात चाळीस लाखांहून अधिक एकर मिळाले आणि त्यातलाही मोठा भाग कधीच वाटला गेला नाही. काही जमीन खडकाळ होती, काही जंगलाची, काहींवर न्यायालयात दावे चालू होते, काही दात्यांच्या वारसांनी परत ओढून घेतली. १९५४ च्या बिहार भूदान यज्ञ कायद्यासारखे कायदे झाले खरे, पण दानपत्रे कित्येक दशके सरकारी कपाटांत पडून राहिली. म्हणून भूदान हा फसवा देखावा होता असे म्हणणारे आहेत. तो निवाडा एकांगी ठरेल. लाखो भूमिहीन कुटुंबांना रक्त न सांडता जमीन मिळाली, हे जगाच्या इतिहासात फारसे घडलेले नाही. मात्र तांदळाचा हिशेब वडिलांच्या पद्धतीनेही ठेवायला हवा होता, असे विनोबांच्या चाहत्यालाही वाटल्यावाचून राहत नाही.

तेरा वर्षे चालून १९६४ मध्ये ते पवनारला परतले. नंतर पुन्हा बिहारमध्ये ग्रामदानाचे तुफान उठले आणि १९६९ च्या राजगीर संमेलनापर्यंत अवघ्या बिहारचे दान झाल्याचे जाहीर झाले. कागदावरचे हे दान जमिनीवर फारसे उतरले नाही. स्वतः विनोबा तोवर दुसऱ्याच वाटेला लागले होते. गांधीजींच्या पहिल्या भेटीला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ७ जून १९६६ रोजी, त्यांनी सूक्ष्म कर्मयोगात प्रवेश करीत असल्याचे घोषित केले. त्यांचा युक्तिवाद विज्ञानाच्या भाषेतला होता. पहाड फोडणाऱ्या सुरुंगापेक्षा डोळ्यांना न दिसणाऱ्या अणूत अधिक शक्ती आहे. तसेच स्थूल कृतीपेक्षा सूक्ष्म चिंतनात आहे. म्हणून बोलणे, लिहिणे, फिरणे, पत्रव्यवहार एकेक करून सोडत जायचे आणि केवळ अभिध्यान करायचे. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनारची सीमा पुन्हा न ओलांडण्याचे ठरवले. तेथे १९५९ पासून त्यांनी स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर होते. सामूहिक साधना करणाऱ्या, शेती आणि छपाई स्वतः सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या या आश्रमाला व्यवस्थापक नव्हता. निर्णय एकमताने होत.

पण जग सूक्ष्मात शिरायला तयार नव्हते. ज्या जयप्रकाश नारायणांनी १९५४ मध्ये बोधगयेला भूदानासाठी जीवनदान केले होते, तेच १९७४ मध्ये बिहार आंदोलनाचे नेतृत्व करू लागले. विनोबांना हा संघर्षाचा मार्ग मान्य नव्हता. सर्वोदयाच्या परिवारात उभी फूट पडली. डिसेंबर १९७४ च्या नाताळाला विनोबांनी वर्षभराचे मौन सुरू केले आणि त्या मौनातच आणीबाणी आली. भेटीला आलेल्यांसमोर त्यांनी महाभारतातील अनुशासन पर्वाचा निर्देश केला. सत्ताधाऱ्यांनी तो शब्द उचलला आणि आणीबाणीला संताचा आशीर्वाद म्हणून देशभर भिंतींवर रंगवला. हजारो माणसे तुरुंगात होती, त्यांत विनोबांचे जुने सहकारी होते, स्वतः जयप्रकाश होते. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचे असते, सत्तेचे असते ते शासन. त्यांनी आचार्यांचे संमेलनही भरवले. परंतु तोवर फार उशीर झाला होता. सरकारी संत ही उपाधी त्यांना महाराष्ट्रातच चिकटली आणि ती देणाऱ्यांत त्यांच्यावर एकेकाळी भक्ती करणारेही होते.

त्यांनी शक्ती वापरायची नाकारली, की ती उरलीच नव्हती? त्यांच्या अनुयायांनी पहिले उत्तर धरले, विरोधकांनी दुसरे. तिसरीही एक शक्यता आहे. सामर्थ्य आपले नव्हेच, ते लोकांचे, अशी ज्याची मनापासून श्रद्धा असते, त्याला आपल्या एका शब्दाचे वजन किती आहे याचा अंदाज येत नाही. भिंतीवरची सावली आपल्या हुकमात आहे, असे आईने शिकवले होते. दुसऱ्यांनी उचलून नेलेल्या सावलीबद्दल तिने काही सांगितले नव्हते. १९७९ मध्ये गोवंशहत्याबंदीसाठी त्यांनी उपोषण केले आणि सरकारच्या आश्वासनानंतर पाचव्या दिवशी सोडले. तेव्हा मोठी खळबळ उडाली, तरी पोचमपल्लीचे दिवस परतले नाहीत.

नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचारांनी थोडा उतार पडू लागला होता. ८ नोव्हेंबरच्या सुमारास त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. डॉक्टरांनी, सहकाऱ्यांनी विनवले. चांडीलला तीस वर्षांपूर्वी विनवण्यांना यश आले होते, या वेळी आले नाही. ते शांतपणे पडून रामनाम घेत राहिले. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी सकाळी, त्यांचा श्वास थांबला. पंतप्रधान इंदिरा गांधी ब्रेझनेव्ह यांच्या अंत्यविधीसाठी मॉस्कोला गेल्या होत्या. तो दौरा आटोपता घेऊन त्या पवनारला आल्या. पुढच्या वर्षी भारतरत्न मरणोत्तर जाहीर झाले. अंत्यसंस्कार आश्रमाच्या पायथ्याशी, धाम नदीच्या काठी झाले.